लेकीच्या घरचं पाणी

"लाल झालं तर आल्या पावली माघारी नेणार हिला," हौसाबाई म्हणाल्या आणि विहिरीच्या कठड्यावर पदर सावरून बसल्या. "आदीच सांगून ठेवते. मागनं रडारड नगं."

"आणि हिरवं राहिलं तर?" मी विचारलं.

"तर मग बगू."

"बघू नाही. हिरवं राहिलं तर शालनला ठेवून जायचं. तसंच ठरलंय."

हौसाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हातात काचेची नळी धरून उभी असलेली, त्यांच्या मुलीच्या वयाची मी त्यांना फारशी भरवशाची वाटले नसणार. "म्याडम तिखट हायत गं," त्या सुनेला म्हणाल्या.

सून म्हणजे शालन. तिला सातवा महिना लागला होता. वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आल्यामुळे पाय सुजले होते. ती जांभळीखाली उभी होती आणि तिचं लक्ष माझ्या नळीकडे नव्हतं, आईकडे होतं. आई, अनसाक्का, घराच्या उंबऱ्यातच थांबली होती. सकाळी तिनं आमच्या निळ्या पिंपाला हळदकुंकू वाहिलं होतं, तोटीला झेंडूचं फूल खोचलं होतं. मी म्हटलं, अक्का, हे प्लॅस्टिकचं पिंप आहे. ती म्हणाली, देव दगडाचा असतोय, त्याला चालतंय, मग ह्याला का न्हाई?

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पण त्या दुपारची मला अजून आठवण येते.

हिवरदऱ्याच्या वरच्या माळावर पूर्वी एक पत्र्याचं शेड होतं. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडायचे, शिसं वितळवायचे आणि उरलेलं पाणी माळावर ओतून द्यायचे. मालक कोण, कुठला, गावाला धड ठाऊक नव्हतं. बोंबाबोंब व्हायला लागली तसं त्यानं पाल उठवावं तसं शेड उठवलं आणि तो गेला. शिसं मात्र राहिलं. ते मातीतून झिरपत झिरपत खालच्या अंगाला असलेल्या अनसाक्काच्या विहिरीत उतरलं. शिशाला पाण्यात रंग नसतो, वास नसतो, चव नसते. पाणी दिसायला पहिल्यासारखंच नितळ होतं, आणि तिथेच घात झाला. शालनला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा ती हौसेनं माहेरी राहायला आली. पाचव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं. पुढे सरकारी माणसं पाणी तपासून गेली, कठड्यावर लाल फुली मारून गेली, आणि हौसाबाईंनी निरोप धाडला, की आमची सून आता त्या विहिरीवर येणार नाही. बाळंतपणालासुद्धा नाही.

त्या बाईला खाष्ट म्हणणं सोपं होतं. मीही पहिले काही महिने म्हटलं. पण तिचं काय चुकलं होतं?

मी तेव्हा कऱ्हाडला रसायनशास्त्रात संशोधन करत होते. भुईमुगाच्या शेंगांच्या टरफलांना पाण्यातलं शिसं धरून ठेवायचा गुण असतो. टरफलं भरडायची, धुवायची, वाळवायची, आणि त्या भुशातून पाणी हळूहळू झिरपू द्यायचं. शिसं भुशाला चिकटून राहतं, पाणी पुढे जातं. प्रयोगशाळेत हे झकास जमायचं. सर म्हणाले, "प्रयोगशाळेत सगळंच जमतं, सुनेत्रा. विहिरीवर करून दाखव." म्हणून मी अनसाक्काच्या विहिरीवर येऊन धडकले. वाळू, खडी, मध्ये हातभर भुसा असं पिंप भरलं. पहिलं पिंप गळलं, दुसरं तुंबलं. तिसऱ्याला माझ्या नवऱ्यानं, मिलिंदनं, स्वतः येऊन तोटी बसवून दिली, तेव्हा कुठे काडीएवढी धार सुरू झाली.

अनसाक्काला माझ्या शास्त्रात काडीचा रस नव्हता. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक पलीकडच्या खोऱ्यात दिलेली. तिचा प्रश्न एकच असायचा. मी बाटल्या भरत असले की शेजारी येऊन उकिडवी बसायची आणि विचारायची, "पोरी, माझी शालन बाळातपणाला ईल का?"

"येईल, अक्का."

"तू म्हंतीस म्हून धरून चालते."

मधूनमधून ती लेकीला बघायला तिच्या गावी जायची आणि संध्याकाळी परत यायची ती पार सुकून. ओठ पांढरे पडलेले असायचे. पहिल्यांदा मी घाबरले. "तिथे पाणी नाही का दिलं कुणी?"

"दिलं की. हौसाबाई तांब्या घिऊन म्होरं उभी ऱ्हाती. मीच न्हाई घेतलं." तिनं पिंपाखाली ओंजळ धरली आणि घटाघटा पाणी प्यायली. "लेकीच्या घरचं पाणी पीत न्हाईत. नातवंडाचं तोंड बगितलं की मग प्यायचं. तुमच्यात न्हाई का असं?"

मी म्हटलं, "माझी आईसुद्धा म्हणाली आहे, तुझ्या घरचं पाणी पिणार नाही."

"मंग! रीतच हाय ती."

मी तिला पुढचं सांगितलं नाही. मी जातीबाहेर लग्न केलं होतं. मिलिंद बौद्ध. लग्नानंतर नगरला आईला भेटायला गेले, तर ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, यापुढे तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. तिच्या बोलण्यात रीत नव्हती. अनसाक्काला मात्र माझी आई फार रीतीची बाई वाटली. अधूनमधून ती आईची चौकशी करायची, नि ती बरी आहे, असं मी म्हणायचे.

तर त्या दुपारी मी दोन नळ्या घेतल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत पिंपाचं. आमच्याकडे एक हिरवं औषध असायचं. पाण्यात शिसं असलं की ते लाल होतं, नसलं की हिरवं राहतं. हौसाबाईंच्या डोळ्यांदेखत मी पहिल्या नळीत औषध टाकून हलवलं. डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं.

"बगितलं?" हौसाबाई शालनला म्हणाल्या. शालननं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या नळीत औषध टाकलं. हलवलं. हिरवं राहिलं. पुन्हा हलवलं. हिरवंच.

मग हौसाबाई उठल्या, माझ्या हातातून नळी घेऊन उन्हाकडे धरली, डोळा बारीक करून बघितली. "औशीद जुनं झालं नसंल कशावरनं?"

"तेच औषध पहिल्या नळीत टाकलंय ना?"

"व्हय, ते बी खरं." त्यांनी नळी परत दिली. "तुमी पिता का हे पाणी?"

मी पिंपाची तोटी सोडली, पेला भरला आणि त्यांच्यासमोर प्यायले. हौसाबाईंनी दुसरा पेला भरून घेतला, एक घोट तोंडात घोळवला आणि गिळला. पाणी गोड होतं. हिवरदऱ्याचं पाणी मूळचंच गोड. त्यांच्या चेहऱ्यावरची एकेक घडी उलगडत गेली.

"पूर्वी आमच्यात तुमच्या विहिरीचं नाव घ्यायचे, विहीणबाई," त्या अनसाक्काला म्हणाल्या. "डाळ शिजावी तर हिवरदऱ्याच्या पाण्यात, म्हनायचे. बरं. ठेवते सुनंला."

अनसाक्का उंबरा ओलांडून आली. मला वाटलं, ती लेकीला मिठी मारेल. तसं काही केलं नाही तिनं. शालनच्या सुजलेल्या पायांकडे बघून म्हणाली, "उबी काय ऱ्हायलीस गं खुळ्यावानी? बस खाली. पाणी तापत ठेवते, पाय शेक." आणि एवढं बोलून तिचा आवाज फुटला. ती घाईघाईनं घरामागे निघून गेली.

मीही तिच्यामागे गेले. मला तिचा आनंद जवळून बघायचा होता, दुसरं काय! मला कुणी असं पाणी तापवून देणार नव्हतं.

घरामागे शेणींचा, म्हणजे गोवऱ्यांचा, हुडवा रचलेला होता. एवढा नेटका हुडवा मी कधी पाहिला नव्हता. खाली रुंद, वर निमुळता, बाहेरून शेणानं लिंपलेला, वरून पावसासाठी उसाचं पाचट घातलेलं. अनसाक्का खालच्या तोंडातून एकेक शेणी काढून ओटीत घेत होती. प्रत्येक शेणीवर तिची पाचही बोटं उमटली होती.

"दिवाळीपासनं लावलीया," ती म्हणाली. डोळे पुसायचं तिला भान नव्हतं. "बाळातिणीची आंघोळ, शेक-शेगडी, बाळाची धुरी. सव्वा म्हैना पुरंल. स्वतःला एक जाळली न्हाई. म्या आपली गार पाण्यानंच करते आंघोळ. बग कशी हलकी हाय. आन् धूर न्हाई हिचा."

तिनं माझ्या हातात एक शेणी दिली. खरंच हलकी होती. कड मोडलेली होती आणि मोडलेल्या जागी आत तांबूस भुसा दिसत होता. बारीक, एकसारखा भरडलेला. जात्यावरचा नव्हे, गिरणीतला. मी तो ओळखला. आईनं पोर ओळखावं तसा ओळखला. तो माझा भुसा होता.

"अक्का, हा भुसा कुठला?"

"तुजाच की. पिंपातला."

पिंपातला भुसा शिशानं भरला की आम्ही तो काढून नवा भरायचो. जुना भुसा पोत्यांत घालून गोठ्यात ठेवायचा आणि कॉलेजची जीप मिळाली की न्यायचा, असं ठरलेलं होतं. जीप कधी मिळायची, कधी नाही. त्या दिवशी दुपार कलल्यावर ती यायची होती, खास पोत्यांसाठीच.

"अक्का, मी सांगितलं होतं ना, याला हात लावायचा नाही म्हणून? हा पोत्यात बांधून ठेवायचा होता."

"जनावराला घालायचा न्हाई म्हणालीस. एक मूठ घातला न्हाई म्हशीला. तशी उपाशी ठेवली पर घातला न्हाई." तिला माझा चेहरा बघून काहीतरी उमगायला लागलं होतं, तशी ती जास्त जास्त बोलायला लागली. "आणि म्या तसाच न्हाई वापरला. चांगली चार-चार उनं दिली. उन्हात इख मरतंय. आन् अग्नीत काय ऱ्हातंय गं इखाचं? अग्नी सगळं जाळतो."

"शिसं जळत नाही, अक्का. ते धुरात येतं. राखेत राहतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "पाण्यातनं काढलं ना तू? हिरवं ऱ्हायलं. आत्ता बगितलं की सगळ्यांनी."

"पाण्यातून काढलं. ते नाहीसं नाही झालं. पाण्यातून भुशात आलं, एवढंच. आता भुसा जिथे जाईल तिथे ते जाणार."

ओटीतल्या शेणी तिनं एकेक करून खाली ठेवल्या. टाकल्या नाहीत. अलगद ठेवल्या.

मला वाटलं, वाचलो. एक शेणी जळलेली नाही. हुडवा जीपमध्ये भरू, शेजारून चार दिवसांच्या शेणी मागून आणू, कुणाला कळायचंही नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. "काळजी करू नका. यातली एकही चुलीत गेली नाही ना? मग झालं तर. हौसाबाईंना सांगायचीसुद्धा गरज नाही."

अनसाक्कानं माझं मनगट धरलं आणि मागच्या दारानं मला आत नेलं.

घराच्या कोपऱ्यातली खोली तिनं बाळंतिणीसाठी सजवली होती. खिडकी छोटी, वारा लागू नये म्हणून. बाज नवीन विणलेली. आढ्याला झोळीची दोरी आत्तापासूनच बांधून ठेवलेली. आणि भिंती! नव्यानं लिंपलेल्या, गुळगुळीत, कुठे एक भेग नाही. जमीनही तशीच. भिंतीच्या खालच्या अंगाला चुन्यानं वेलबुट्टी काढलेली.

"शेणीत थोडाच गेला," ती हळू आवाजात म्हणाली. "लई हितं गेला. उरलाय त्यो पोत्यांत. मातीत भुसा घातला की भिंत भेगाळत न्हाई. एवढा चांगला धुतलेला भुसा, पोरी. असा इकत घेतला असता तरी गावला नसता."

मी भिंतीला हात लावला. हाताला बारीक धूळ लागली. त्या खोलीत बाळाची धुरी होणार होती. पुढे ते बाळ त्या जमिनीवर रांगणार होतं आणि सगळी बाळं करतात तसं बोट तोंडात घालणार होतं. मी हात पुसून टाकला. ते तिनं बघितलं.

बाहेर हौसाबाई सुनेला हसत काहीतरी सांगत होत्या. शालनचंही हसू ऐकू आलं. लहान मुलीसारखं.

"खोली खणायला किती दीस लागतील?" अनसाक्कानं विचारलं.

"लिंपण सगळं काढायचं, जमीन वीतभर खणायची, नवी माती आणायची. धूळ उडणार, तोवर शालन इथे नको. पंधरा-वीस दिवस तरी."

"आज माघारी धाडली तर हौसाबाई पुन्यांदा धाडंल?"

मला खोटं बोलायचं होतं. फार मनापासून बोलायचं होतं. "नाही वाटत, अक्का."

"मला बी न्हाई वाटत."

ती बाजेच्या कडेवर टेकली आणि झोळीची दोरी हातात घेऊन जराशी ओढून बघितली, गाठ पक्की आहे का ते. मी म्हटलं, आपण तिला दुसऱ्या खोलीत ठेवू, ही बंद करू, मी काहीतरी करते. मी बोलत होते आणि माझं मलाच ते पटत नव्हतं. घर दोन खणांचं. एकातली धूळ दुसऱ्यात जाऊ नये म्हणून लावायला मध्ये दारसुद्धा नव्हतं.

"तिचं पैलं गेलं तवा," अनसाक्का म्हणाली, "मला ठाव नव्हतं. म्या माज्या हातानं पाणी पाजलं तिला. त्याचं म्या देवाला सांगून टाकलंय, की बाबा, मला ठाव नव्हतं. आता काय सांगू?"

आणि ती उठली. पदर खोचला आणि सरळ बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले, तोवर ती हौसाबाईंच्या पुढ्यात उभी होती.

"विहीणबाई, शालनला घिऊन जावा."

शालन ताडकन उठली. "आये?"

"पाणी चांगलं हाय. ह्या पोरीनं चांगलं केलंय. घर वंगाळ केलं ते म्या." मग तिनं सगळं सांगितलं. भुसा, शेणी, भिंती, जमीन. काही लपवलं नाही, काही सारवासारव केली नाही. "लेक हितं नगं. नातवंड तर नगंच नगं. घिऊन जावा, आन् पुन्यांदा म्या मागनार न्हाई."

शालन रडायला लागली. "मला ऱ्हायचंय," एवढंच म्हणत होती. "आये, मला ऱ्हायचंय गं." सातव्या महिन्याची बाई, पण रडताना पाय आपटत होती. अनसाक्का तिच्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर सगळंच ढासळलं असतं.

मी हौसाबाईंकडे बघितलं. आता ही काय बोलणार, याची मला धास्ती होती. एका वाक्यात जन्माचं तोडता आलं असतं. त्या उठल्या, घरात गेल्या, ती खोली बघितली. झोळीची दोरी बघितली. परत आल्या तेव्हा जराशा चिडलेल्या वाटत होत्या.

"येवडं कराय तुमाला कुनी सांगितलं हुतं?" त्या अनसाक्काला म्हणाल्या. "चुन्याची नक्षी काय, नि काय काय. आं?"

अनसाक्कानं मान खाली घातली.

"पैलं बाळातपण आईच्या हातानं हुतं, म्हन्तात. आईच्या भिंतींनी न्हाई." हौसाबाईंनी चपला पायात सरकवल्या. "चला. कापडं बांदा. तुमीच चला आमच्याकडं."

"म्या?" अनसाक्का दचकलीच. "लेकीच्या दारात? म्हैना म्हैना? लोक काय म्हन्तील?"

"लोक काय, खाल्लं तरी म्हन्तात, उपाशी ऱ्हायलं तरी म्हन्तात."

"आन् पाणी? पाणी बी प्यायचं न्हाई मला तिथं. पोर हुईस्तवर दोन म्हैनं म्या काय प्यायचं?"

हौसाबाईंनी पिंपाकडे बोट केलं. तोटीत खोचलेलं झेंडूचं फूल अजून तसंच होतं. "मंग तुमचं पाणी घिऊन चला की! ह्या म्याडमनं येवढं गाळून ठेवलंय ते काय पूजा कराय?"

शालन रडता रडता हसली. मीही हसले. अनसाक्का मात्र हसली नाही. ती हिशेब लावत होती, विहिरीचा, म्हशीचा, रीतीचा. रीत कुठेच मोडत नव्हती. मग तिनं माझ्याकडे बघितलं. "आठवड्याला आणून देशील, पोरी?"

"देईन."

जीप आली ती भुशाची पोती न्यायला. नेली तिनं अनसाक्काला, तिच्या लेकीला, तिच्या विहिणीला, आणि पाण्याचे कॅन. पोती नि मी मागे राहिलो. निघताना अनसाक्कानं एकदाच हुडव्याकडे बघितलं आणि म्हणाली, "त्यो तूच मोड. माझ्यानं हुयाचं न्हाई."

मी मोडला. तोंडाला फडकं बांधून एकेक शेणी पोत्यात भरली. प्रत्येकीवर तिची पाच बोटं होती. मला त्या दिवशी माझ्या आईचा इतका राग आला की काय सांगू, आणि रागाच्या तळाशी दुसरं काहीच नव्हतं, नुसती तिची आठवण होती.

नंतर ती खोलीही खणली. सगळं लिंपण, सगळी माती आणि शेणी आम्ही सिमेंटमध्ये कोंडून कॉलेजच्या मागच्या आवारात पुरल्या. तिथे एक चौथरा आहे. अनसाक्काची बाळंतिणीची खोली त्याच्या पोटात आहे. मी निवृत्त होईपर्यंत त्याच्यावर कुणाला बसू दिलं नाही.

दर आठवड्याला मी कॅन पोचवत राहिले. शालनला मुलगी झाली. अनसाक्कानं तिचं तोंड बघितलं आणि हौसाबाईंनी तांब्या पुढे केला. तो तिनं एका दमात रिकामा केला, म्हणे. हौसाबाईच सांगत होत्या, "बया, तीन पिढ्यांची तहान हुती."

पुढे माझा प्रबंध झाला, मी कऱ्हाडच्या त्याच कॉलेजात नोकरीला लागले, हिवरदऱ्याला जाणं कमी झालं. आता तिथे नळ आलाय. विहीर बुजवली. अनसाक्काही नाही. सगळ्याचं व्हायचं तेच झालं, तक्रार कुणाजवळ करणार?

पण त्याआधीचं एक राहिलं सांगायचं.

तेव्हा मलाही सातवा महिना होता. मिलिंद कामावर गेलेला. दार वाजलं. सातव्या महिन्यात दार वाजलं की कुठल्याही मुलीच्या मनात एकच माणूस येतं. मी जवळजवळ पळत गेले. दारात अनसाक्का उभी होती, एसटीच्या धुळीनं माखलेली, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पांढरा कॅन.

"तुज्या कालिजात इचारत इचारत आले," ती म्हणाली. "शालन म्हणाली, ताईस्नी दीस गेल्यात."

मी तिला बसवलं, पंखा लावला. ओठ पांढरे पडले होते तिचे. आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला.

"नगं."

"अक्का, उकळून गार केलेलं आहे. चांगलं पाणी आहे."

"चांगलंच असंल. पर नगं मला."

तिची नजर भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवरून फिरून माझ्यावर आली. हे शब्द मी ऐकलेले होते. शेजारणींकडून ऐकले होते, नगरच्या दारात ऐकले होते. हिच्याकडून मात्र ऐकायची माझी तयारी नव्हती. मी तांब्या घेऊन तशीच उभी राहिले, आणि मला रडू यायला लागलं.

"आगं, रडतीस कशापायी?" अनसाक्का गोंधळून गेली. "खुळी का काय तू? तूच न्हवं का सांगितलं, तुजी आय बी पीत न्हाई? लेकीच्या घरचं पाणी पितंय व्हय कुणी? नातवंडाचं तोंड बगू दे, मंग घागरभर पीन."

तिनं कॅनचं झाकण फिरवलं, ओंजळीत थोडं पाणी घेऊन स्वतः प्यायली, आणि मग कॅन माझ्याकडे कलता केला.

"घे. माहेरचं हाय."

पिंपातल्या त्या पाण्याचा थेंबन् थेंब मी कधीकाळी तपासला होता. त्या दिवशी नुसती ओंजळ पुढे केली.